डाव्या डोळ्याची हरणं

मनोऱ्यावरून पहिल्या मोजणीत एकतीस हरणं दिसली. पूर्ण काळे नर तीन, अजून तपकिरी असलेले तरुण नर चार, माद्या बावीस आणि पाडसं दोन. वेळ सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटं, ऊन स्वच्छ, वारा पश्चिमेकडून, अगदी थोडा. शिवाय एक टिटवी होती. ती मोजणीत धरायची नव्हती, पण तसं तिला कोणी सांगितलं नसावं, कारण ती सारखी हजेरी देत होती. मनोऱ्यावर माणसं तीन: मी, माझी सहा वर्षं दोन महिन्यांची भाची मनवा, आणि रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यात बावीस वर्षं काम करणारे वनमजूर बिभीषणकाका. डोळे मात्र सहा नव्हते, पाच होते. मनवाच्या एका डोळ्यावर पट्टी होती.

मी राहुरीला कृषी विद्यापीठात कीटकशास्त्रात एमएस्सी केलं. दोन वर्षं कपाशीची पानं उलटून तुडतुडे मोजले. त्यामुळे कुठेही गेले की मी आधी मोजते, मग बघते. इंदूताई, म्हणजे मनवाची आई आणि माझी मोठी बहीण, म्हणते की लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी ताटातल्या जिलब्या मोजूनच हात लावते.

मनवाचा डावा डोळा आळशी आहे. हा डॉक्टरांचाच शब्द. उजव्याला नंबर थोडा आणि डाव्याला बराच जास्त, म्हणून तिच्या मेंदूने पहिल्यापासून उजव्याचंच ऐकलं आणि डाव्याकडे दुर्लक्ष केलं. उपाय म्हणजे चष्मा, आणि रोज सहा तास उजव्या, चांगल्या डोळ्यावर चिकटपट्टी. मग मेंदूला डाव्याचं ऐकावंच लागतं. हे जितक्या लहान वयात होईल तितकं बरं, नंतर अवघड होत जातं. पट्टी सुरू होऊन पाच महिने झाले होते.

गेल्या तपासणीत मनवाने डाव्या डोळ्याने तक्त्यावरच्या खालून तिसऱ्या ओळीपर्यंत वाचलं. डॉक्टर खूश, इंदूताई खूश. घरी येताना रिक्षात मनवाने तोच तक्ता पुन्हा म्हणून दाखवला, दोन्ही डोळे मिटून. उजव्या डोळ्याची पाळी आधी होती, तेव्हाच तिने तो पाठ करून टाकला होता. तिला वाटलं, तक्ता म्हणजे कविता.

"ती त्या डोळ्याने बघते की नाही, एवढंच मला कळू दे," इंदूताई फोनवर म्हणाली होती. "रोज सहा तास भांडते मी तिच्याशी. पट्टी लावली की घरात एका जागी बसून राहते, हलत नाही. हे भांडण कशासाठी चाललंय ते तरी कळू दे. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तपासणी आहे. तिथेही ती काहीतरी म्हणून दाखवील आणि आपण टाळ्या वाजवू."

मला रेहेकुरी आठवली. हरणं पाठ करता येत नाहीत. दर मिनिटाला ती जागा बदलतात.

ताईची शनिवारी सकाळची शाळा, ती शिक्षिका आहे, म्हणून आम्ही दोघीच निघालो. नगरहून साडेपाचची कर्जतची एसटी. मिरजगाव आलं तेव्हा उजाडलं होतं. मी पाकिटातून पट्टी काढली आणि म्हणाले, "डोळा मीट." मनवाने माझ्याकडे तोंड करून एक डोळा मिटला. मी त्यावर पट्टी चिकटवली, कडा दाबल्या, वर चष्मा चढवला. तिने जराही कुरकुर केली नाही. ताई रोज कसली भांडते, असं माझ्या मनात आलं.

तर मनोऱ्यावर. मी आकडे वहीत लिहीत होते आणि मनवा कठड्याच्या दोन गजांमध्ये नाक घालून उभी होती.

"मावशी, तो मधला काळा आहे ना, त्याचं एक शिंग वाकडं आहे."

मी दुर्बीण लावली. शिंग खरंच वाकडं होतं, वरच्या वेढ्यापाशी बाहेर वळलेलं. दुर्बिणीशिवाय मला ते खात्रीने सांगता आलं नसतं.

"त्यो वाकड्या," बिभीषणकाका म्हणाले. "झुंजीत मोडलं. पर त्येचा रुबाब काय कमी न्हाई झाला."

"काका, तिथपर्यंत अंतर किती असेल?"

"ती बोर हाय न्हवं, तितवर दोनशे मीटर. जास्तच, कमी न्हाई."

मला लगेच ताईला फोन करावासा वाटला. पण एका निरीक्षणावर निष्कर्ष काढत नाहीत. मी आणखी तीन प्रश्न विचारले. उजवीकडच्या कळपात पाडसं किती? दोन, त्यातलं एक दूध पितंय. त्या वाळक्या बाभळीवर काय बसलंय? काळा पक्षी, शेपूट कात्रीसारखी. हरणी बसल्या आहेत की उभ्या? सहा बसल्यात, बाकीच्या उभ्या. मी प्रत्येक उत्तर दुर्बिणीने पडताळून पाहिलं आणि वहीत लिहिलं: डावा डोळा, अंतर दोनशे मीटर, चारपैकी चार बरोबर. त्या पानाचा फोटो काढून ताईला पाठवला.

मिनिटभरात तिचा फोन आला.

"खरं सांगतेस, मैतू?"

"चारपैकी चार. शिंगाचा वाक सांगितला तिने. मला नाही दिसला."

पलीकडे मुलांचा गलका चालू होता. मग ती म्हणाली, "बरं, ठेवते, तास आहे," आणि ते इतक्या बारीक आवाजात, की तास बहुधा नसावा.

मनोऱ्यावरून उतरताना मनवा पुढे, मी मध्ये, काका मागे. जिना अरुंद, एका बाजूला लोखंडी गज आणि दुसऱ्या बाजूला भिंत. मनवा उजव्या हाताने गज धरून उतरत होती आणि तिचा डावा खांदा दोनदा भिंतीला घासला.

"पोरीच्या डोळ्याला काय झालंय, ताई?" काकांनी विचारलं.

मी सगळं समजावून सांगितलं. आळशी डोळा, हुशार डोळा, हुशार झाकायचा म्हणजे आळशाला काम करावं लागतं. आळशी डावा.

"डावा आळशी."

"हो."

"आन् त्यो उघडा ठिवायचा."

"हो."

काका आणखी दोन पायऱ्या उतरले. "मंग ती डाव्या अंगानं का धडकती? मला तर झाकलाय त्योच डावा वाटतोय."

मी थांबले. मनवाही थांबली, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

समोर बसलेल्या माणसाचा उजवा डोळा माझ्या डाव्या हाताला येतो. हे मला माहीत आहे. पानाची पाठ आणि पोट यांची गल्लत मी दोन वर्षांत एकदाही केली नव्हती. एसटीत मात्र मी पट्टी लावली ती मनवाने मिटलेल्या डोळ्यावर, आणि कुठला डोळा ते पाहिलंच नाही. सकाळपासून ती तिच्या चांगल्या, उजव्या डोळ्याने बघत होती. शिंग, शेपूट, सहा बसलेल्या हरणी, सगळं उजव्याचं.

"मनवा," मी खाली तिच्यासमोर जाऊन बसले. "तू मुद्दाम हा डोळा मिटलास?"

"तू म्हणालीस डोळा मीट. मी मिटला. कुठला ते तू म्हणाली नाहीस."

"पण तुला माहीत होतं ना, कुठला ते?"

"हो."

"मग?"

"मला हरणं नीट बघायची होती," ती म्हणाली. त्यात ना रडं होतं, ना खोडी. मी कारण विचारलं, तसं तिने कारण सांगितलं.

"बरुबर हाय की तिचं," मागून काका म्हणाले. "येवढ्या लांबून यायचं, आन् आळशाला फुडं करायचं व्हय?"

मी वहीतल्या त्या ओळींवर एक आडवी रेघ मारली. चुकीची नोंद खोडून काळी करायची नसते, वाचता येईल अशी ठेवायची आणि शेजारी कारण लिहायचं, असं आम्हाला शिकवलं आहे. मी कारण लिहिलं: पट्टी चुकीच्या डोळ्यावर, निरीक्षकाची चूक. ते सोपं होतं. फोन करणं सोपं नव्हतं.

ताईने पहिल्याच रिंगला उचलला. मी सांगितलं.

"म्हणजे ते चारपैकी चार उजव्याचे."

"हो."

"मी सगळ्या स्टाफरूमला सांगितलं गं."

"माझी चूक आहे, ताई."

"मैतू, तुझ्या किड्यांना हजार डोळे असतात. हिला दोनच आहेत. तेवढे तरी बघून घ्यायचेस." तिला हसायचं होतं की नाही, मला ठरवता आलं नाही. मग म्हणाली, "दे तिला."

मनवाने फोन दोन्ही हातांनी धरला. "आई, इथे वाकड्या आहे. हरीण. हो. नाही. मुद्दामच. हो. चालेल." फोन मला परत देत ती म्हणाली, "आई म्हणाली, आधी डोळे भरून बघून घे. मग मावशीला काय करायचं ते करू दे."

मी पट्टी काढली. पापणीवरचे दोन-तीन केस तिच्याबरोबर निघाले, तेव्हा मात्र मनवा ओरडली.

पुढचा तासभर आम्ही पायवाटेने हिंडलो. जानेवारीतलं गवत मनवाच्या छातीपर्यंत, वाळलेलं, आणि वाऱ्याने त्यात लांब लांब पट्टे उठत होते. मी फार कमी लिहिलं. एक ससा आमच्या पायातून निघून गेला. तारेवर नीलकंठ बसला होता, तो उडाला तेव्हा मनवा म्हणाली, "आतून जास्त निळा आहे." बोरीखाली पडलेली बोरं काकांनी पुसून दिली. वाटेत एके ठिकाणी काळ्या लेंड्यांचा मोठा ढीग होता, जुन्यावर नवा, नीट एकाच जागी.

"एवढी शी एकानेच केली?"

"एकानंच. रोज हितंच येतो," काका म्हणाले. "नराची हद्द हाय ती. दुसऱ्यानं वास घ्यायचा आन् समजायचं, हितं घर हाय कुनाचं तरी."

"म्हणजे पाटी."

"आता तुमी म्हनता तर पाटी."

दहा वाजता एका हिवराच्या सावलीत आम्ही पोळीभाजी खाल्ली. मी पट्टीचं नाव काढलं नव्हतं. मनवानेच पोळीची सुरळी संपवून विचारलं, "डाव्याने नाही दिसली तर?"

"तर तसं लिहू."

"आईला पण तेच सांगशील?"

"हो. मघाशी चुकीचं सांगितलं, आता खरं असेल ते सांगायचं."

तिने बोटं फ्रॉकला पुसली. "घरी पट्टी लावली ना, की सगळं पुसल्यासारखं होतं. खुर्ची दिसते, पण खुर्चीच्या कडा नसतात. म्हणून मी उठत नाही. आईला वाटतं मी रुसले."

हे पाच महिन्यांत तिला कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा. "अजून तसंच होतं?"

"माहीत नाही. मी उठतच नाही ना." मग जरा वेळाने, "लाव."

मी नवी पट्टी काढली. यावेळी तिच्या मागे बसले, म्हणजे तिचा उजवा तो माझाही उजवा. तिला उजवा हात वर करायला लावला, तो हात गालावर ठेवायला लावला, आणि त्याच बाजूला पट्टी लावली. मग पुढे येऊन पुन्हा तपासलं. काका पान खात बघत होते. "सुईन बी येवढं बघत न्हाई," ते म्हणाले.

मी दूरच्या कळपाकडे बोट दाखवून विचारलं, काय दिसतंय. मनवाने बराच वेळ बघितलं. "पिवळं."

"आणि पिवळ्यात?"

"पिवळंच."

काकांनी मान हलवली. "ताई, गवतात आमाला बी धड मोजता येत न्हाई. तेच जनावर दोनदा धरलं जातं. आमची मोजनी मनोऱ्यावरनं नसतीच, ती निस्ती पावन्यांसाठी. साडेदहा-अकराला ही समदी पान्यावर जात्यात. जाताना जाळरेषा वलांडत्यात, एकामागं एक. तितं बसायचं."

जाळरेषा म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत कापून मोकळा ठेवलेला पट्टा, सरळ आणि उघडा, खाली नुसता मुरूम. आम्ही तिच्या एका टोकाला बसलो. काकांनी टोपी काढून मांडीवर उलटी ठेवली आणि मूठभर खडे घेतले. एक हरीण पट्टा ओलांडून गेलं की एक खडा टोपीत. तोंडाने मोजायचं नाही, कारण तोंड गोंधळतं. खडा गोंधळत नाही.

"मलाही खडे," मनवा म्हणाली.

मी तिला चाळीस खडे मोजून दिले आणि माझी कापडी टोपी दिली. मग मला एक गोष्ट ठरवावी लागली. मीही मोजलं असतं तर हरीण आलं की माझी मान हलली असती, श्वास बदलला असता, आणि मनवाने हरणाऐवजी मला वाचलं असतं. तक्ता पाठ करणारी मुलगी ती. म्हणून काकांना मी तिच्या बऱ्याच मागे बसवलं, आणि स्वतः तिच्यासमोर, जरा बाजूला सरकून बसले, पट्ट्याकडे पाठ करून. हरणं काका मोजणार. मी फक्त तिचा डोळा, पट्टीच्या कडा आणि हात बघणार.

नऊ मिनिटं काहीच झालं नाही. टिटवी मध्येच ओरडून गेली. मनवाने नाक खाजवलं. मग तिचं कपाळ आक्रसलं, ती थोडी पुढे झुकली, आणि एक खडा टोपीत गेला.

मागे वळून बघायची इच्छा मी आवरली. दुसरा खडा. तिसरा लगेच. त्या डोळ्याकडे मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. जाड भिंगामागे तो मोठा दिसत होता. तो उजवीकडून डावीकडे सावकाश सरकत होता, टोकाला पोचला की परत येत होता, आणि पुन्हा सरकत होता. कधी कधी परत येताना तो अडखळायचा, जागा शोधायचा, आणि तेवढ्यात पुढचं हरीण निघून गेलं असावं, कारण मनवा ओठ चावायची. पट्टीच्या कडा चारही बाजूंनी चिकटलेल्या होत्या. एकदा तिने खडा उचलला, हात टोपीवर नेला, आणि तसाच धरून ठेवला. मी मनात आकडे मोजले. सातपर्यंत आल्यावर तिने तो खडा परत मांडीवर ठेवला.

पहिल्या खड्यापासून सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. मग डोळा थांबला.

"संपली," मनवा म्हणाली. "एक काळं आलं होतं. आलं आणि परत गेलं. ते मी नाही धरलं."

मी काकांकडे पाहिलं. ते उठून गुडघे झटकत होते.

"गेला न्हाई त्यो," ते म्हणाले. "कडंला आला, हुबा ऱ्हायला, माघारी फिरला. म्या बी न्हाई धरला." मग मनवाकडे बघून, "तुमाला दिसला व्हय त्यो?"

"काळा होता ना, म्हणून दिसला. पिवळ्या पिवळ्यात जात होत्या, त्या लवकर पुसल्या जातात."

दोन्ही टोप्या आम्ही जमिनीवर रित्या केल्या. काकांचे खडे मी दोनदा मोजले, मनवाचे तीनदा. मनवाने स्वतःचे चौथ्यांदा मोजले आणि माझ्याशी जुळले म्हणून मान डोलावली.

काकांना पाणवठा बघायला जायचंच होतं, त्यांनी आम्हाला जाळरेषेवरून बरोबर येऊ दिलं. माझ्या पिशवीत शेतात वापरायची तीस मीटरची फीत असते. मनवाने तिचं एक टोक आम्ही बसलो होतो त्या जागी टाचेखाली दाबून धरलं. फीत संपली की काका खूण करायचे, मनवा तिथपर्यंत चालत यायची आणि पुन्हा टोक दाबायची. पट्टी तिच्या उजव्या डोळ्यावर तशीच होती. मुरमात तिसऱ्या खुणेच्या पुढे खुरांची दाट वाट लागली, टोकदार, जोडीजोडीने. मनवा तिच्या कडेला उकिडवी बसली आणि एका खुरात बोट घालून बघितलं.

"हे कडा असलेलं आहे," ती म्हणाली.

फीत मी खुरांच्या वाटेच्या मध्यापर्यंत ताणली, आकडा वाचला, काकांना वाचायला लावला, आणि उभ्या उभ्या वहीत लिहिलं. तेच जसंच्या तसं इंदूताईला पाठवलं.

पट्टी उजव्या डोळ्यावर, तपासून. जाळरेषा ओलांडलेली हरणं तेवीस. मनवाचे खडे एकोणीस. अंतर एकशे आठ मीटर चाळीस सेंटीमीटर.